हाडातून आलेला उजेड

अंधारात टॉर्चवर पंजा ठेवून लालभडक झालेली बोटं पाहण्याचा खेळ लहानपणी कोण खेळलेलं नाही? निळा-हिरवा उजेड रक्त गिळून टाकतं, तांबडा तेवढा आरपार येतो. मेंदूतल्या हालचाली प्रकाशाने मोजणाऱ्या आजच्या यंत्राचं कूळ या खेळापासून फार लांब नाही.

ड्यूक विद्यापीठातले शास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांनी एकदा घरी जेवताना गोमांसातलं खांद्याचं चपटं हाड दिव्यासमोर धरलं. पलीकडून तांबूस उजेड झिरपत होता. हाडातून एवढा उजेड येतो, तर कवटीतून का येऊ नये? तांबड्याच्या पलीकडे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोघंही प्रकाश कमी शोषतात. १९७७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी दाखवून दिलं, की माणसाच्या डोक्यात एका बाजूने सोडलेला असा प्रकाश दुसऱ्या बाजूला पकडता येतो. जोरजोरात श्वास घ्यायला लावलं, की मेंदूतलं रक्त कमी होतं, आणि तेही त्या प्रकाशात उमटतं.

गंमत पुढेच आहे. योब्सिस यांना रक्त नको होतं. त्यांना हवा होता सायटोक्रोम ऑक्सिडेज, म्हणजे पेशीत ऑक्सिजन खरोखर खर्च होतो तिथला विकर. हिमोग्लोबिन ही मधली कटकट, हिशेबातून वजा करायची. पण सायटोक्रोमची खूण इतकी फिकी, की ती आजही मुश्किलीने हाती लागते. आणि ती कटकटच मोजमापाचा पाया झाली. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन निरनिराळ्या तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, म्हणून दोन तरंगलांब्या वापरल्या की दोघांतले बदल वेगळे काढता येतात.

पहिला खरा उपयोग झाला नवजात बाळांसाठी. त्यांची कवटी पातळ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डेव्हिड डेल्पी यांनी आणखी एक कोडं सोडवलं: प्रकाश डोक्यात सरळ चालत नाही, धडपडत, ठेचकाळत जातो, त्यामुळे त्याची वाट सरळ अंतराच्या कितीतरी पट लांब होते. ती लांबी हिशेबात धरल्याशिवाय आकडे खोटे.

विचार करताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो, त्या भागात रक्ताचा ओघ वाढतो. १९९३ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी हा ओघ प्रकाशाने टिपला, आणि दोनच वर्षांत जपानमधल्या हिताची कंपनीच्या संशोधकांनी अनेक जागी एकदम मोजण्याची सोय केली. आता डोक्यावर टोपी घालायची. प्रकाश सोडणारं टोक आणि पकडणारं टोक यांत सुमारे तीन सेंटिमीटर अंतर ठेवायचं. केळ्यासारख्या वळणाने जाणारा प्रकाश मेंदूचा वरचा थर चाटून परत येतो. त्याखाली मात्र त्याची मजल जात नाही.

कपाळावर हे सोपं. बाकी डोक्यावर केस! दाट, काळेभोर केस प्रकाश पिऊन टाकतात. म्हणून मोजमापाचं गणित मांडण्याआधी प्रयोगशाळेत कुणीतरी हातात बारीक काडी घेऊन, प्रत्येक टोकाखाली, निगुतीने भांग पाडत बसलेलं असतं.