यूयूआयडी

यूयूआयडी, अर्थात युनिव्हर्सली युनिक आयडेंटिफायर, हा संगणकप्रणालीतील एखादी नोंद, फाइल किंवा उपकरण इतरांपासून वेगळे ओळखता यावे यासाठी वापरला जाणारा १२८ बिटांचा ओळखक्रमांक होय. मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेत त्यास जीयूआयडी म्हणतात. हे क्रमांक वाटून देणारी कोणतीही मध्यवर्ती यंत्रणा नसते, हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावातून सुरू झालेल्या आधार योजनेत प्रत्येक बारा अंकी क्रमांक एकच प्राधिकरण देते. यूयूआयडी मात्र कोणताही संगणक इतरांना न विचारता स्वतःच तयार करतो आणि तरीही तो दुसऱ्या कोणत्याही यूयूआयडीशी जुळणार नाही असे गृहीत धरले जाते.

इतिहास

या कल्पनेचा उगम १९८० च्या दशकात अपोलो कॉम्प्युटर या अमेरिकी कंपनीच्या नेटवर्क कॉम्प्युटिंग सिस्टिममध्ये झाला. पुढे ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनने ती स्वीकारली. जुलै २००५ मध्ये आरएफसी ४१२२ हे मानक प्रसिद्ध झाले. मे २०२४ मध्ये त्याची जागा आरएफसी ९५६२ ने घेतली.

रचना व आवृत्त्या

यूयूआयडी षोडशमान पद्धतीच्या ३२ अंकांत लिहितात. हे अंक ८-४-४-४-१२ अशा पाच गटांत विभागलेले असून गटांमध्ये संयोगचिन्हे असतात. सर्व बिट शून्य असलेला ००००००००-००००-००००-००००-०००००००००००० हा क्रमांक ‘निल’ म्हणून राखीव आहे. तिसऱ्या गटाच्या पहिल्या अंकावरून आवृत्ती समजते.

पहिल्या आवृत्तीत वेळ आणि संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता यांचा संयोग असतो. ही वेळ १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे ग्रेगोरियन दिनदर्शिका लागू झाल्या दिवसापासून, १०० नॅनोसेकंदांच्या एककात मोजली जाते. तिसरी व पाचवी आवृत्ती दिलेल्या नावावरून अनुक्रमे एमडी५ व एसएचए-१ या पद्धतींनी क्रमांक काढते. त्यामुळे एकाच नामक्षेत्रातील त्याच नावाला नेहमी तोच क्रमांक मिळतो. दुसरी आवृत्ती क्वचितच आढळते.

चौथी आवृत्ती सर्वाधिक परिचित आहे. तिचे १२२ बिट यादृच्छिक असतात. दर सेकंदाला शंभर कोटी या वेगाने सुमारे ८६ वर्षे असे क्रमांक निर्माण केले, तर त्यांत एखादी जोडी सारखी निघण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते. अर्थात यादृच्छिक संख्यांचा स्रोत सदोष असल्यास हे गणित लागू पडत नाही.

गोपनीयता व सुरक्षितता

पहिल्या आवृत्तीतील मॅक पत्त्यामुळे क्रमांक कोणत्या यंत्रावर तयार झाला हे उघड होते. १९९९ साली पसरलेल्या मेलिसा विषाणूच्या कर्त्याचा शोध घेताना वर्ड दस्तऐवजातील अशाच जीयूआयडीचा उपयोग झाला. गुन्हा उघडकीस आणणारी ही सोय सामान्य लेखकाचाही माग ठेवू शकत होती. पुढे विंडोजमध्ये जीयूआयडी तयार करणाऱ्या नेहमीच्या फंक्शनमधून मॅक पत्त्याचा वापर काढून टाकण्यात आला.

यूयूआयडी एकमेव असतो म्हणून तो गुप्तही असतो असे नाही. हा गैरसमज विद्यार्थ्यांत बराच आढळतो. तो सहज ओळखता येणार नाही असे समजू नये, असा इशारा मानकातही दिला आहे. केवळ यूयूआयडी माहीत असलेल्या कोणालाही खासगी फाइल उघडू देणारी व्यवस्था त्यामुळे असुरक्षित ठरू शकते.

डेटाबेसमधील वापर

यादृच्छिक क्रमांक प्राथमिक कळ म्हणून वापरल्यास नव्या नोंदी निर्देशांकात विखुरल्या जातात आणि मोठ्या तक्त्यांत लेखन मंदावते. क्रमाने वाढणाऱ्या पूर्णांकात ही अडचण नसते. मात्र अनेक सर्व्हर एकाच वेळी नोंदी करत असतील तर तो क्रम सांभाळणे कठीण जाते. २०२४ च्या मानकातील सातवी आवृत्ती यावर तोडगा देते. तिच्या आरंभी ४८ बिटांत मिलिसेकंदांपर्यंतची युनिक्स वेळ असते आणि आवृत्तीदर्शक बिट वगळता उर्वरित भाग प्रामुख्याने यादृच्छिक असतो. परिणामी क्रमांक निर्मितीच्या क्रमाने लागतात. नोंद कधी तयार झाली हे मात्र तो क्रमांक पाहणाऱ्या प्रत्येकाला कळते. रुग्णनोंदींसारख्या ठिकाणी ही आवृत्ती वापरताना ते लक्षात घ्यावे लागते.