जयपत्र आणि कपाळावरचा घाम

गाणगापूरला गुरुचरित्राच्या पारायणाला बसलेला माणूस पंचविसाव्या अध्यायाच्या आसपास आला, की एक शब्द त्याला भेटतोच: जयपत्र. दोन वेदाभिमानी ब्राह्मण कुमसीला त्रिविक्रमभारतींना अडवतात. वाद घाला, नाहीतर हार कबूल करून जयपत्र लिहून द्या. त्रिविक्रमभारती त्यांना गाणगापुरी नृसिंह सरस्वतींपुढे आणतात. पुढचं ठाऊकच आहे: जमिनीवर सात रेघा, गावाने वेशीबाहेर ठेवलेला एक वाटसरू, आणि सातवी रेघ ओलांडताच त्याच्या तोंडी वेद.

पण हा कागद मूळचा पंडितसभेचाच नव्हे. धर्मशास्त्रात खटला जिंकणाऱ्याला निवाड्याचं पत्र म्हणून जे मिळतं, तेही जयपत्रच. मराठेशाहीतल्या गोतसभेत तर हरलेल्याकडून येजितखतही, म्हणजे हरल्याची लेखी कबुली, लिहून घेत. सभा आणि कचेरी यांची भाषा एकच होती. नैयायिक ‘पक्ष’, ‘प्रतिज्ञा’, ‘निर्णय’ म्हणतो. फिर्याद ऐकणाराही तेच म्हणतो. शब्द सामाईक असले, की विचाराची चालही सामाईक होते.

ही चाल पाहायला गाणगापूरहून लांब जायला नको. शेजारच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६–११२६) विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. कलबुरगी जिल्ह्यातलं मर्तूर त्यांना आपलं मानतं. मिताक्षरा म्हटलं की आपल्याला वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या आठवतात. मला मात्र त्यातली घामाची चर्चा जास्त मोलाची वाटते.

स्मृती खोट्या माणसाच्या खुणा सांगते: एका जागी ठरत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम, चेहऱ्याचा रंग उडालेला, बोलताना घसा कोरडा. विज्ञानेश्वर म्हणतात, यातून फक्त संशय घ्यावा, निश्चय करू नये. विकार स्वभावाचा की प्रसंगाचा, हे कळणं कठीण. समजा, एखाद्या चतुराला ते कळलं. तरी तेवढ्यावर कुणाला हरवू नये. मरणाची लक्षणं दिसली म्हणून कुणी माणसाचे अंत्यविधी उरकत नाही!

हा न्यायशास्त्राचाच धडा. धुरावरून अग्नी ठरतो, कारण अग्नीवाचून धूर नसतो. घाम मात्र खोटेपणावाचूनही येतो. भर कचेरीत उभा केलेला गरीब कुणबी खरं बोलतानाही भिजेल. हेच विज्ञानेश्वर साक्षी, लेख, भुक्ती (कब्जा) नसतील तिथे दिव्याला, म्हणजे दैवी कसोटीला, मान्यता देतात, हेही खरंच. मराठी मुलखात उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढून झाला, की हात पिशवीत घालून मोहोर लावत; काही दिवसांनी हात पाहून खरंखोटं ठरे.

१९२१ साली अमेरिकेत बर्कलीच्या पोलिसांतल्या जॉन लार्सनने श्वास आणि रक्तदाब टिपणारं यंत्र केलं. पुढे तळहाताचा घामही मोजायला लागले. यादी जुनीच, फक्त सुई नवी. भारतात वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तो ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या नावाने. ५ मे २०१० रोजी न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्यांची सक्ती घटनाबाह्य ठरवली. राजीखुशीने चाचणी दिली, तरी तिचा निकाल हा पुरावा नव्हे. त्यातून एखादा सुरा सापडला, तर तो कायद्याप्रमाणे पुराव्यात घेता येतो. घाम नाही.