टेबलावरचे पत्र

न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात एका शेकोटीच्या दोन बाजूंना दोन तैलचित्रे आहेत. एक टॉमस मोरचे, दुसरे टॉमस क्रॉमवेलचे. दोन्ही हान्स होल्बाइनने ओकच्या फळीवर रंगवलेली. दोघेही इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे मंत्री, आणि दोघांचाही शिरच्छेद त्याच राजाच्या कारकिर्दीत झाला. मोरचा १५३५ साली, क्रॉमवेलचा १५४० साली.

आपण क्रॉमवेलपाशी थांबू. जाड मान, बारीक डोळे, काळा अंगरखा. लोहाराचा हा मुलगा आपल्याकडे बघतसुद्धा नाही. हे चित्र केव्हाचे? टेबलावरच्या एका पत्रावर त्याचा उल्लेख राजाच्या जवाहिरखान्याचा प्रमुख असा आहे. ते पद त्याला १५३२ मध्ये मिळाले आणि १५३४ मध्ये तो राजाचा मुख्य सचिव झाला. मोठे पद मिळाल्यावर लहान पद कोण मिरवील? तेव्हा चित्र या दोन वर्षांतले. शेजारच्या नक्षीदार प्रार्थनापुस्तकाचाही माग लागला आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील १५२७ साली छापलेले पुस्तक तेच, असे संशोधकांनी २०२३ मध्ये मांडले.

क्रॉमवेल का पडला, याची एक लाडकी गोष्ट सांगितली जाते. होल्बाइनने क्लीव्हच्या ॲनचे चित्र फार सुंदर काढले, राजा भुलला, प्रत्यक्षात ती आवडली नाही आणि लग्न जुळवणाऱ्या क्रॉमवेलचा बळी गेला. गोष्ट वर्गात रंगते खरी, पण तारखा मांडून पाहू. लग्न ६ जानेवारी १५४० ला झाले. एप्रिलमध्ये हेन्रीने याच क्रॉमवेलला एसेक्सचा अर्ल केले! अटक झाली १० जूनला. शिवाय ॲनला पाहिलेल्या इंग्रज वकिलाने चित्र हुबेहूब असल्याचे लिहून कळवले होते. लग्न फसल्याने क्रॉमवेल दुबळा झाला, यात शंका नाही; पण घाव घातला तो नॉरफोकचा ड्यूक आणि बिशप गार्डिनर यांच्या गटाने. धर्मसुधारणेमुळे ते त्याच्यावर आधीपासूनच खवळलेले होते, आणि राजाचे मन आता नॉरफोकच्या पुतणीवर, कॅथरीन हॉवर्डवर, बसले होते.

खटला चाललाच नाही. पार्लमेंटने कायदा करून क्रॉमवेलला दोषी ठरवले. २८ जुलैला त्याचे डोके उडवले गेले आणि त्याच दिवशी राजाने कॅथरीनशी लग्न केले. पुढच्याच वर्षी फ्रेंच वकिलाने मायदेशी कळवले, की खोट्या आरोपांवरून आपल्या सर्वांत इमानी सेवकाला मारायला लावले, अशी राजा दरबाऱ्यांकडे तक्रार करतो. त्या कायद्याला मंजुरी मात्र त्याचीच होती.