प्रभावळकर, दिलीप

(४ ऑगस्ट १९४४). मराठी रंगभूमी, दूरचित्रवाणी व चित्रपट यांतील अभिनेते, विनोदी लेखक आणि नाटककार. ‘चिमणराव’ आणि ‘आबा टिपरे’ या दूरचित्रवाणीवरील दोन भूमिकांमुळे ते घरोघरी पोहोचले. पहिली भूमिका दूरदर्शनच्या कृष्णधवल काळातली, दुसरी खासगी उपग्रह वाहिन्यांच्या पहिल्या बहरातली. दोहोंमध्ये वीसेक वर्षांचे अंतर असले, तरी दोन्ही मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाच्याच विनोदी कथा होत.

जन्म मुंबईत. रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी औषधनिर्मिती कंपनीत नोकरी केली आणि ती सांभाळून नाटके केली. सुरुवातीच्या भूमिकांपैकी गाजलेली भूमिका म्हणजे रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण. बालप्रेक्षकांची दाद रोखठोक असते; कंटाळा आला की मुले तिथल्या तिथे चुळबुळू लागतात. त्यांच्यापुढे स्त्रीवेषात, आवाज बदलून उभे राहताना रूप पालटण्याची जी हातोटी लागते, ती पुढे प्रभावळकरांची ओळख ठरली.

चिमणराव : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात या केंद्रावरून प्रसारित झाली. मराठीतील पहिली मालिका म्हणून ती ओळखली जाते. निर्मिती विजया जोगळेकर-धुमाळे यांची. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ आणि स्मिता पावसकर चिमणरावाची बायको काऊ झाल्या. चिं. विं.चा चिमणराव हा भित्रा, सरळमार्गी, बायकामुलांत रमणारा कारकून. कुठलेही काम सरळपणे पार पाडायला जावे आणि फजितीच पदरी पडावी, असा. त्याच्या जोडीला दांडगा, सडेतोड गुंड्याभाऊ. जोडी जमली ती या विरोधामुळे. कर्वे भारदस्त आवाजात हुकूम सोडत आणि प्रभावळकर आवाज पडत्या पट्टीत ठेवून आधी माघार घेत, मग कुरकुरत.

चिमणराव-गुंड्याभाऊ ही जोडी प्रेक्षकांना नवी नव्हती. कोल्हापूरचे मास्टर विनायक यांनी १९४० साली ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ होते. दामुअण्णांना निसर्गानेच एक हत्यार दिले होते : त्यांची तिरळी नजर. ते पडद्यावर आले की संवाद सुरू होण्याआधीच हशा पिके. प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर असे काहीच नव्हते. गर्दीत सहज हरवेल असा तो चेहरा. त्यामुळे त्यांना चिमणराव चाल, आवाज, बोलण्यातली अडखळ यांतून घडवावा लागला. दूरचित्रवाणीला ही रीत मानवली. दिवाणखान्यात, चार हातांवर ठेवलेल्या लहान पडद्यावर रंगमंचावरचा मोठा हावभाव भडक वाटतो. भुवई किंचित वर गेली तरी ती दिसते. मालिकेच्या लोकप्रियतेमुळे विनय धुमाळे यांच्या दिग्दर्शनाखाली १९७९ मध्ये याच नावाचा चित्रपटही निघाला.

मधली वर्षे : मालिकेतला नट बहुधा त्या भूमिकेच्या नावानेच ओळखला जातो आणि पुढचे कामही त्याच मापाचे मिळत जाते. चिमणरावाच्या यशानंतर हा धोका होताच. प्रभावळकरांनी तो भूमिकांमध्ये अदलाबदल करून टाळला. दूरदर्शनवर बबन प्रभू यांच्या फार्सवर आधारित ‘झोपी गेलेला जागा झाला’मध्ये ते धावपळीच्या विनोदात दिसले, तर ‘साळसूद’ मालिकेत त्यांनी खलनायक रंगवला. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) या चित्रपटात त्यांच्यासमोर अशोक सराफ यांचे भूत होते. ‘झपाटलेला’ (१९९३) चित्रपटात ते स्वतः तात्या विंचू हा गुंड झाले. बाहुल्याच्या रूपातल्या तात्या विंचूचा आवाजही त्यांचाच.

रंगभूमीवर जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’मध्ये त्यांनी मतिमंद मुलाच्या बापाची भूमिका केली, तर संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात ते स्वतःच मतिमंद नंदू झाले. स्वतः लिहिलेल्या ‘हसवाफसवी’ या नाटकात त्यांनी एकाच प्रयोगात सहा व्यक्तिरेखा साकारल्या. त्यातील कृष्णराव हेरंबकर हे थकलेले वृद्ध संगीतनट विशेष गाजले. याच प्रयोगात मघाशी नाना पुंजे किंवा बॉबी मॉड म्हणून वावरलेला नट हाच, हे या वृद्धाकडे पाहताना पटू नये, अशी ती करामत होती.

आबा टिपरे : १९९९ साली ‘अल्फा मराठी’ (आताची ‘झी मराठी’) वाहिनी सुरू झाली. तिच्यावर २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही साप्ताहिक मालिका आली. दिग्दर्शक केदार शिंदे. मालिकेला आधार होता प्रभावळकरांनी ‘लोकसत्ता’त लिहिलेल्या ‘अनुदिनी’ या सदराचा. एका घरातल्या तीन पिढ्यांची ही गोष्ट : आजोबा आबा, मुलगा शेखर (राजन भिसे), सून श्यामला (शुभांगी गोखले), नातवंडे शिऱ्या (विकास कदम) आणि शलाका (रेश्मा नाईक). मालिका सुरू झाली तेव्हा प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांना साकारायचे होते वयाने त्यांच्याहून बरेच पुढे गेलेले आजोबा.

मालिकेची रचना रोजनिशीची. घरात काही कुरबूर होते, गैरसमज वाढतो, निवळतो आणि शेवटी आबा वही उघडून दिवसाची नोंद करतात. घरातल्या गोंधळात बाजूला बसून पेपर वाचणारा माणूस सगळे टिपत होता, हे तेव्हा कळते. त्यामुळे विनोद दोन पायऱ्यांनी घडतो : आधी प्रसंगात, मग आबांच्या मिश्कील टिपणात. कोणाचीही टर न उडवता हसवणे या चौकटीमुळे साधले. आबा उपदेश करत नाहीत. नातवाची बाजू घेतात, मधूनच हट्ट करतात, चुकतातही. त्या काळी मराठी वाहिन्यांवर रोज चालणाऱ्या कौटुंबिक मालिकांचा जोर वाढत होता. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या, प्रत्येक भागात वेगळी गोष्ट सांगणाऱ्या टिपरे कुटुंबाने त्या गर्दीत स्वतःची जागा राखली. पुढे २०१७ मध्ये ‘झी मराठी’वर आलेल्या ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ या विनोदी मालिकेत त्यांनी सुकन्या कुलकर्णी-मोने यांच्यासोबत काम केले.

लेखन : प्रभावळकरांचा अभिनय आणि लेखन एकमेकांना पूरक आहेत. ‘गुगली’, ‘हसगत’, ‘कागदी बाण’ ही त्यांची विनोदी लेखनाची पुस्तके. ‘बोक्या सातबंडे’ या खोडकर पण नेक शाळकरी मुलाच्या कथा बालवाचकांत लोकप्रिय झाल्या. त्यांवर २००९ मध्ये चित्रपटही आला. ‘एका खेळियाने’ हे आपल्या अभिनयप्रवासाविषयीचे पुस्तक. आबा टिपरे हे पात्र आधी कागदावर उतरले आणि मग पडद्यावर आले. लेखक आणि नट एकच असल्याने त्याच्या बोलण्याची लकब लिहितानाच ठरून गेली होती.

गौरव आणि उत्तरकाल : ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) या हिंदी चित्रपटात त्यांनी महात्मा गांधींची भूमिका केली. हा चित्रपट आणि गजेंद्र अहिरे यांचा ‘शेवरी’ यांतील भूमिकांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विनोदी नट म्हणून परिचित असलेल्या माणसाने गांधी साकारावेत आणि प्रेक्षकांनी हसतहसत पण आदराने ते स्वीकारावेत, यामागे चिमणराव-टिपऱ्यांच्या मवाळ, अवखळ सोशिकपणाची पुण्याई होती. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ या चित्रपटात, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी कोकणातील दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री यांची मध्यवर्ती भूमिका केली.

मूल्यमापन : मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदाचे ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात. एक प्रहसनाचा, त्यात नट स्वतःची ठरलेली शैली, तकियाकलाम आणि हजरजबाबीपणा यांवर हशा घेतो. दुसरा व्यक्तिरेखेचा, त्यात हसू पात्राच्या स्वभावातून येते. प्रभावळकर दुसऱ्या प्रवाहाचे प्रमुख प्रतिनिधी होत. त्यांची नक्कल करणे अवघड जाते, कारण नक्कल चिमणरावाची किंवा तात्या विंचूची होऊ शकते. सगळ्या भूमिकांत सापडेल अशी ‘प्रभावळकरी’ लकब त्यांनी ठेवलेलीच नाही.