कंपनी अवसायकाचे वसुलीचे अधिकार : एक ऐतिहासिक आढावा (१८६६ ते २०१६)

प्रस्तावना :
कंपनी बुडाल्यानंतर तिच्या मालमत्तेचे काय होते, हा प्रश्न केवळ कायदेतज्ज्ञांचा नाही. ठेवीदाराची ठेव, कामगाराचे थकलेले वेतन आणि पुरवठादाराचे देयक यांचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. अवसायकाच्या हाती कंपनीचे दप्तर येते, तेव्हा तिजोरी बहुधा रिकामी झालेली असते. म्हणून उरलेले विकण्याइतकेच गेलेले परत आणणे हेही त्याचे कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अधिकाराच्या विकासाचा आढावा घेतला आहे.

१. मुंबईतील सट्टा आणि १८६६ चा कायदा :
भारतात मर्यादित दायित्वाचे तत्त्व १८५७ च्या कायद्याने आले व १८६० मध्ये ते बँकांनाही लागू झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि कापसाच्या तेजीतून आलेल्या पैशावर मुंबईत असंख्य कंपन्या उभ्या राहिल्या. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ या वायदे पुरे करण्याच्या दिवशी व्यापाऱ्यांची दिवाळखोरी उघड झाली. शेअर तारण घेऊन कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बेही १८६८ मध्ये अवसायनात गेली.

इंग्लंडच्या १८६२ च्या कायद्याच्या धर्तीवर झालेल्या १८६६ च्या भारतीय कंपनी कायद्यात अवसायनाची सविस्तर व्यवस्था होती. शेअरवरील न भरलेली रक्कम भागधारकांकडून मागवणे, हे त्या काळी वसुलीचे मुख्य साधन होते. परंतु ज्यांच्याकडून वसुली करायची, ते भागधारकच सट्ट्यात बुडालेले असत. अधिकार कागदावर पूर्ण असला, तरी त्याची मर्यादा ऋणकोच्या ऐपतीने ठरत असे.

२. निसटलेली मालमत्ता :
१८८२ व १९१३ च्या कायद्यांनंतर १९५६ च्या कायद्याने ही व्यवस्था अधिक बांधीव केली. मालमत्ता निसटण्याच्या तीन वाटा त्यात हेरलेल्या दिसतात. अवसायनापूर्वीच्या सहा महिन्यांत एखाद्या धनकोला कपटाने झुकते माप दिले असल्यास तो व्यवहार कलम ५३१ नुसार रद्द ठरे. १९६० मध्ये घातलेल्या कलम ५३१-अ ने एका वर्षाच्या आतील, नेहमीच्या व्यवसायाबाहेरचे व सद्भावनेने किंवा योग्य मोबदल्यात न केलेले हस्तांतरण अवसायकाविरुद्ध निरर्थक ठरवले. न्यायालयामार्फत होणारे अवसायन अर्ज दाखल झाल्या दिवसापासून सुरू झाले, असे मानले जाई. त्यामुळे आदेश दोन वर्षांनी झाला, तरी मधल्या काळातील विल्हेवाट न्यायालयाच्या मान्यतेवाचून टिकत नसे.

३. संचालकांचे उत्तरदायित्व :
कंपनीचा पैसा गैरमार्गाने वापरणाऱ्या संचालकाकडून भरपाई मागण्याची तरतूद कलम ५४३ मध्ये होती. खरी अडचण पुराव्याची होती, कारण हिशेबाची वहीच संशयिताच्या ताब्यात राहिलेली असे. बँकांपुरता यावर १९५३ मध्ये उपाय झाला. प्रथमदर्शनी दोष दिसल्यास आपली जबाबदारी नाही, हे सिद्ध करण्याचा भार बँकिंग कंपन्या कायद्याच्या कलम ४५-एच ने संचालकावर टाकला. सुप्रीम बँकेच्या अवसायकाने चालवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये स्पष्ट केले की, कारभाराशी दीर्घकाळ निगडित असलेल्या संचालकाला उघड दिसणाऱ्या अपहाराकडे डोळेझाक करून सुटता येणार नाही. संचालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांपर्यंतही ही वसुली पोहोचते, मात्र वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, हे १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याच न्यायालयाने मान्य केले.

४. तारणी धनको आणि कामगार :
१९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरण्या बंद पडत असताना, १९८५ मध्ये कंपनी कायद्यात कलम ५२९-अ आले. कामगारांचे देणे तारणी धनकोच्या बरोबरीने अग्रक्रमाचे ठरले. मात्र १९९३ च्या कर्जवसुली कायद्याने बँकांना स्वतंत्र न्यायाधिकरण मिळाले आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या न्यायाधिकरणाचे अधिकारक्षेत्र कंपनी न्यायालयाच्या परवानगीवाचून चालणारे मानले. मालमत्तेची विक्री अवसायकाच्या हातून निसटू लागली. २००५ च्या राजस्थान स्टेट फायनान्शियल कॉर्पोरेशनच्या निकालाने तोल सावरला. विक्री न्यायाधिकरणामार्फत झाली, तरी अवसायकाला बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे आणि विक्रीच्या रकमेचे वाटप त्याच्या सहभागानेच झाले पाहिजे, असे ठरले.

५. २०१६ ची संहिता :
नादारी व दिवाळखोरी संहितेने संबंधित व्यक्तीच्या बाबतीत झुकत्या मापाच्या व्यवहारांकडे दोन वर्षे, तर इतरांच्या बाबतीत एक वर्ष मागे पाहण्याची मुभा दिली. अशा व्यवहारात कपटाचा हेतू सिद्ध करण्याचीही आवश्यकता उरली नाही. तथापि, तारणी धनकोला आपले तारण अवसायनाबाहेर ठेवून स्वतंत्रपणे वसुली करण्याची मोकळीकही संहितेने दिली.

निष्कर्ष :
या दीडशे वर्षांत प्रत्येक सुधारणेने आधी लक्षात आलेली एखादी पळवाट बुजवली. अवसायकाचा अधिकार किती मोठा, हे कलमांच्या संख्येवरून ठरत नाही. किती मागे पाहता येते, पुराव्याचा भार कोणावर आहे आणि खटला चालवायला पैसा कुठून येतो, या तीन गोष्टींवरून ते ठरते. पहिल्या दोन बाबतींत कायदा बराच पुढे आला. तिसरी बाब मात्र दुबळी राहिली, कारण वसुलीच्या दाव्यांचा खर्च प्रामुख्याने कंपनीच्या उरलेल्या मालमत्तेतूनच भागवावा लागतो. जी कंपनी अधिक पोखरली गेली, तिच्या अवसायकाचे हात अधिक रिते. आणि पर्यायाने पोखरणारा अधिक सुरक्षित. ही विसंगती दूर झाल्याखेरीज ठेवीदार व कामगार यांच्या दृष्टीने हे अधिकार अपुरेच राहतील.