म्हातारचळ आणि भरलेलं घर

पूर्वी एकत्र कुटुंबात म्हातारपण नीट सांभाळलं जाई, ते आता मोडलं, असं शिरूर-दौंडकडे नेहमी ऐकू येतं. मला हे अर्धंच पटतं. १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी स्मृतिभ्रंशाच्या एका आजाराचं वर्णन केलं, तरी आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ आणि ‘म्हातारचळ’ एवढंच निदान पुरे होतं. १९५१च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान अवघं ३२ वर्षांचं. बालमृत्यूंनी ते खाली ओढलं होतं, हे खरं; तरी ऐंशी गाठणारे थोडेच, म्हणून त्या घराची फारशी परीक्षाच झाली नाही. झाली तिथे ती सुनेने दिली, बिनबोभाट.

घरं रिकामी झाली ती दौंडच्या रेल्वेने आणि रांजणगावच्या कारखान्यांनी, हा आक्षेपही पुरा नाही. तिथल्याच पगारावर औषधं येतात. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाचं ग्रामीण संशोधन केंद्र आहे. तिथे पन्नाशीपुढच्यांच्या तब्येतीची पाहणी झाली, म्हणजे म्हातारपण मोजायची सोय गावातच आहे. आणि गरजही गावातच जास्त: २०२३च्या राष्ट्रीय अंदाजानुसार साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण शहरात ५.३ टक्के, खेड्यात ८.४ टक्के.