छर्रा की गोळी?

आमच्या पनवेलच्या जुन्या घराच्या माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात आजोबांच्या बाराबोर बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या होत्या. जाड कागदाची नळी, बुडाला पितळेची टोपी. आम्ही मुलं त्या ओठांना लावून शिट्ट्या वाजवायचो. प्रत्येक पुंगळीवर आजोबांनी निळ्या पेन्सिलीनं आत काय होतं ते लिहून ठेवलेलं असे. बहुतेकींवर 'एल.जी.' किंवा 'एस.जी.', काहींवर 'चार नंबर'. एक पुंगळी मात्र मलमलीच्या चिंधीत गुंडाळून वेगळी ठेवलेली होती. तिच्यावर 'बी.बी.' अशी अक्षरं होती आणि चिंधीतच शिशाचा एक छर्रा होता, एका बाजूनं चपटा झालेला. तिला हात लावायची परवानगी नव्हती. का नव्हती, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

आज हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. तेव्हा मी सांगणार आहे तो इतिहास आहे. पण एके काळी पनवेल, उरण, कर्जत, पेणच्या घराघरांत हा प्रश्न खरोखरच चर्चेला यायचा, की सांबरासाठी काडतूस कोणतं घालायचं? भेकरासाठी कोणतं? ओसरीवर सुपारी कातरत माणसं यावर तास तास वाद घालत.

आधी आपलं रान डोळ्यांसमोर आणा. कर्नाळा, माणिकगड, प्रबळगड आणि पलीकडे माथेरान. खाली भातखाचरं, हिवाळ्यात त्याच खाचरांत वाल. वर कारवी, बांबू आणि पावसाळ्यानंतर माणूस बुडेल इतकं गवत. विदर्भातल्या सागवानी जंगलात दीडशे पावलांवरचा चितळ दिसतो. इथं वीस-पंचवीस पावलांपलीकडचं जनावर दिसलं तर नशीब. भेकर वीस-पंचवीस किलोचं, कुत्र्यासारखं भुंकणारं. सांबराचा नर त्याच्या आठ-दहा पट भारी, दोनशे किलोंच्या वर जाणारा. दोन्हींना आपण हरणाच्या जातीतलेच म्हणतो. एकासाठी योग्य असलेला माल दुसऱ्यासाठी अगदी चुकीचा ठरतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

सुरुवातीला ठासणीच्या बंदुका होत्या. तोंडातून दारू ओतायची, चिंधी ठासायची, मग गोळी किंवा छर्रे, वर पुन्हा चिंधी. आजोबा सांगत, की दारूचं माप बोटांनी घेत. ठासल्यावर गज नळीच्या तोंडाबाहेर किती बोटं उरतो ते बघायचं. जनावर मोठं तर बोटं जास्त. यात फसगतही व्हायची. दारू जास्त झाली तर नळी फुटून माणसाचाच हात जाई. पण एक गोष्ट होती. काय भरायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. शिसं वितळवून गोळी घरीच ओतत.

हे स्वातंत्र्य १८७८ साली आटलं. लॉर्ड लिटनच्या काळातला शस्त्रांचा कायदा आला आणि बंदूकच काय, दारूगोळा बाळगायलाही परवाना लागू लागला. गोऱ्यांना त्यातून बहुतेक सूट होती. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. त्यांचा जन्म कर्नाळ्याच्या पायथ्याच्या शिरढोणचा, म्हणजे आमच्या पनवेलपासून हाकेच्या अंतरावरचा. त्यामुळे बंदूक म्हटलं की सरकारच्या कपाळावर आठी का पडे, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. त्यानंतर इथल्या शिकाऱ्यानं काय वापरायचं, हे जनावराइतकंच कचेरीनंही ठरवलं.

मग आली काडतुसाची बंदूक, आपली बाराबोर. हा 'बारा'चा आकडा कुठून आला? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेमतेम ज्या नळीत बसेल, ती बारा बोअरची. तिच्या काडतुसात नाना प्रकारचा माल मिळे. एल.जी. म्हणजे 'लार्ज ग्रेप', मोठं द्राक्ष. तोफेतून उडवायच्या गोळ्यांच्या घडावरून आलेलं हे नाव. एका औंसात सहा दाणे, प्रत्येक नऊ मिलिमीटरचा. एस.जी.चे औंसात आठ. आणि बी.बी.चे औंसात सत्तर, दाणा चार मिलिमीटरचा. तो बदकं, ससे यांच्यासाठी.

आता हिशेब करा. छर्रे नळीतून सुटले की पसरत जातात. वीस पावलांवर एल.जी.चे सगळे दाणे छातीत बसतील. पन्नास पावलांवर एखादा बसला तर बसला, तोही पोटात नाही तर मांडीत. अशानं सांबर पडत नाही, पळतं. दोन-तीन दिवस जगतं आणि मग कुठं तरी ओढ्यात मरतं. बी.बी.चे सत्तर दाणे ऐकायला भरघोस वाटतात, पण सांबराच्या कातड्यापुढे त्यांची मजल फारशी जात नाही. काही नवशिके म्हणत, "दाणे जास्त, तर लागण्याचा संभव जास्त." त्यांचं म्हणणं खरं होतं. लागायचं हमखास, पण जनावर मरायचं नाही.

यावर उपाय रायफलचा. एकच गोळी, नेमकी, खांद्यामागं फुफ्फुसात. पण तिथंही निवड आहेच, आणि तिचा इतिहास मोठा विचित्र आहे. १८९०च्या दशकात इंग्रज फौजेकडे थ्री नॉट थ्री आली. तिची गोळी टोकापर्यंत कठीण धातूच्या कवचात बंद असे. सरहद्दीवरच्या लढायांत शिपायांची तक्रार सुरू झाली, की गोळी आरपार जाते आणि समोरचा माणूस तसाच धावत येतो. म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी काढली गेली. ती अंगात शिरली की फुलते आणि भयंकर जखम करते. जगभर ओरड झाली आणि १८९९ साली हेगच्या परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असं ठरलं.

शिकारीत मात्र शहाणपण नेमकं उलटं आहे. कवचबंद लष्करी गोळी हरणाच्या अंगातून सुईसारखी निघून जाते, आणि जनावर मैलभर पळून हाल होऊन मरतं. उघड्या टोकाची, म्हणजे 'सॉफ्ट नोज' गोळी त्याला जागच्या जागी पाडते. माणसावर जी चालवणं क्रौर्य मानलं गेलं, तीच हरणाच्या बाबतीत दया मानली गेली. मी या विसंगतीवर पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, युद्धात निदान जखमीला उचलून दवाखान्यात नेणारं कुणी तरी असतं. रानात कुणी नसतं.

पण रायफल मिळणार कुणाला? लष्कराच्या मापाची काडतुसं रयतेच्या हाती नकोत, हे सरकारचं पक्कं धोरण. १९०७ साली पॉइंट ४५० मापावर हिंदुस्थानात बंदी आली, तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी रातोरात ४६५, ४७० अशी शेजारची मापं काढून राजेरजवाड्यांची आणि साहेबांची सोय केली. साध्या शिकाऱ्याच्या वाट्याला आली पॉइंट ३१५. मुळात ती ऑस्ट्रियाच्या मानलिशर रायफलीच्या काडतुसावर बेतलेली. इंग्रज फौज ते माप वापरत नव्हती, एवढीच तिची पात्रता! स्वातंत्र्यानंतरही तीच चालू राहिली. रायफल बंगालमधल्या ईशापूरची, काडतूस आपल्या पुण्याजवळच्या खडकीचं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. बाराबोरची 'शक्तिमान' काडतुसंही तिथलीच. त्या ३१५ची गोळी जड, २४४ ग्रेनची, उघड्या टोकाची. सांबराला उत्तम, भेकराला लागली तर निम्मं मटण वाया.

१९५९चा शस्त्र कायदा वाचण्यासारखा आहे. पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी आणि शिकारीसाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची छर्ऱ्याची बंदूक, यांचा परवाना त्यात तुलनेनं सहज मिळण्याची तरतूद आहे. रायफलीसाठी मात्र अधिकाऱ्याला सबळ कारण पटवून द्यावं लागतं. म्हणजे मोठ्या जनावराला स्वच्छ मारणारं हत्यार दुर्मीळ, आणि जखमी करून सोडणारं सुलभ.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. छर्रा वापरण्यामागं नुसती गरिबी किंवा कायदा नव्हता. आमच्याकडे हाक्याची शिकार. एका बाजूला बंदूकवाले बसलेले, समोरून पन्नास माणसं डबे बडवत रान उठवत येणार. रायफलीची गोळी चुकली तर मैलभर जाते. पलीकडे हाकेवाला असतो, गुराखी असतो, मोळी आणायला गेलेली बाई असते. छर्ऱ्याचा जोर लवकर सरतो. जाणती माणसं म्हणूनच हाक्यात रायफल आणणाऱ्याला लांब बसवत. बाराबोरमध्ये एकसंध गोळीचं काडतूस घालता येई, तो मधला मार्ग होता. पण त्यासाठी नेम हवा आणि सराव हवा. काडतुसं महाग, परवान्यावर मोजून मिळणारी. सरावात ती उडवणार कोण?

आता ती बी.बी.ची पुंगळी.

साल १९५०च्या आसपासचं असावं. वालाच्या शेतात रात्री सांबर उतरत होतं. आजोबा बांधावरच्या माचावर बसले. दुनळीच्या उजव्या नळीत त्यांनी बी.बी. घातलं होतं, ससा-रानमांजर आलं तर म्हणून. डाव्या नळीत एल.जी., सांबरासाठी. दुनळीला दोन घोडे असतात. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. पहाटेच्या आधी सांबर आलं, पंधरा-वीस पावलांवर. थंडीनं बोटं बधीर झालेली. आजोबांनी पुढचा घोडा ओढला.

सांबर धडपडलं, उठलं आणि काळोखात गेलं. दुसरा बार टाकायला समोर काही उरलंच नाही. सकाळी रक्ताचे थेंब बांधापर्यंत होते, पुढे गवतात काही नाही. चौथ्या दिवशी वाडीवरचा एक ठाकर घरी आला. त्याला ते ओढ्याच्या कोंडीत सापडलं होतं. माशा घोंघावत होत्या, पण जीव होता. त्यानं कोयत्यानं ते संपवलं. कातड्याखाली सापडलेला एक छर्रा त्यानं आजोबांच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, मारायचं तं मारायचं, नाय तं हाकलायचं. ह्ये मधलं काय केलंस?"

आजोबा त्याला काही बोलले नाहीत. त्यानंतर ते बंदूक घेऊन राखणीला जात, पण हवेत बार काढत. आजीच्या म्हणण्याप्रमाणे वालाचं नुकसान दरवर्षी होत राहिलं आणि त्यावरून घरात भांडणंही होत राहिली. तिचाही दोष नव्हता; वाल हेच हिवाळ्याचं रोख उत्पन्न होतं.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच्या मूळ मसुद्यात शिकार पूर्ण बंद नव्हती, परवाना काढून करता येत होती. सतराव्या कलमात काय काय करू नये याची यादी होती, आणि तिच्यात एक अट अशी, की मोठ्या शिकारीची जनावरं रायफलीशिवाय मारू नयेत. परवान्यात खास मुभा असेल तरच छर्ऱ्याच्या बंदुकीतून, तीही एकसंध गोळीनं. सांबर, चितळ, भेकर त्या वर्गात होते. ओसरीवरच्या वादाचा निकाल अखेर संसदेनं लावला. कलमाचं ते वाक्य मी प्रथम वाचलं तेव्हा मला तो ठाकर आठवला. पुढे १९९१च्या दुरुस्तीनं शिकारीवर सरसकट बंदी आली आणि सतरावं कलमच काढून टाकलं गेलं; माल कोणता, हा प्रश्न उरलाच नाही. कर्नाळा तर १९६८पासूनच पक्षी अभयारण्य झालेलं होतं.

आजोबांची दुनळी दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि मतमोजणीनंतर परत यायची. एका निवडणुकीनंतर ती आणायला ते गेलेच नाहीत. त्यांच्या पश्चात वडिलांनी परवान्याचे सोपस्कार पुरे करून टाकले.

पनवेलमध्ये बंदुकीचा आवाज आजही होतो, पण तो हवेच्या रायफलीचा, टक् एवढाच. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचलेल्या सुमा शिरूर यांची नेमबाजीची शाळा आमच्या गावातच आहे. एकदा सरावाच्या ठिकाणी गेलो असताना एक मुलगी रायफल शिकंज्यात पकडून वेगवेगळ्या डब्यांतल्या गोळ्या एकामागून एक झाडून बघत होती. प्रत्येक रायफलीला विशिष्ट घाण्याचीच गोळी मानवते, असं तिनं सांगितलं. दहा मीटरवरच्या कागदात मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्यासाठी एवढी निवड!

तिनं एक गोळी माझ्या हातावर ठेवली. साडेचार मिलिमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. घरी येऊन मी चिंधी सोडली आणि ती त्या चपट्या छर्ऱ्याशेजारी ठेवून बघितली. जाडीत फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होता.